घटस्फोट झाला, पण फ्लॅट अजून दोघांच्या नावावर? सांगलीतली पायरी पायरीची वाट

कोर्टाचा हुकूमनामा हातात आला की फ्लॅटवरचं दुसऱ्याचं नाव आपोआप निघतं, असं समजणारी माणसं मला आजही भेटतात. तसं काही होत नाही. लग्न मोडलं म्हणून घर निम्मं-निम्मं करून देणारा कायदा आपल्याकडं नाही, आणि घटस्फोट झाला म्हणून खरेदीखतावरचं नाव खोडणाराही नाही. लग्न कोर्टात सुटतं, मालकी दुय्यम निबंधकांकडं, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडं बदलते आणि कर्ज बँकेत मिटतं. तिन्ही ठिकाणचे साहेब वेगळे, नियम वेगळे, आणि एकाचा कागद दुसऱ्याला पुरतोच असं नाही.

विश्रामबागेतला आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि वर कर्ज होतं. आज तो माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी वकील नाही, शाळेत शिकवते. पण या वाटेवर कुठं काय अडतं ते माहीत झालंय, म्हणून हे लिहिते. उदाहरणं सांगलीची आहेत. साताऱ्यात किंवा कराडात राहत असाल तर महापालिकेच्या जागी नगरपालिका धरा, बाकी क्रम तोच.

हा लेख दोघांच्या नावावर असलेल्या घराबद्दल आहे. घर नुसतं नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर प्रश्न मालकीचा नसून राहण्याच्या हक्काचा असतो. तो 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मागावा लागतो, आणि त्याची वाट वेगळी आहे.

1. आधी कागद, मग बोलणी

बोलणी सुरू झाली की समोरून कागद मिळणं बंद होतं. म्हणून हे आधी जमवा:

- खरेदीखत किंवा डीड ऑफ अपार्टमेंट, आणि त्याची सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा)
- मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). प्लॉटवरचं घर सिटी सर्व्हेत नसेल तर सातबारा. ग्रामपंचायतीत असेल तर नमुना 8 चा उतारा
- चालू सालची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरल्याची पावती
- कर्जमंजुरीचं पत्र आणि आजअखेर किती बाकी आहे त्याचं बँकेचं पत्र
- सुरुवातीची रक्कम आणि हप्ते कुणाच्या खात्यातून गेले ते दाखवणारे खातेउतारे
- घटस्फोटाचा अर्ज, तडजोड पुरसीस (दोघांनी कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या लेखी अटी), हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत
- दोघांचं आधार आणि पॅन
- सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, म्हणजे भागपत्र

मूळ खरेदीखत बँकेत असतं. त्यासाठी बँकेच्या पाया पडू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते, आणि सूची दोन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते.

मिळकत पत्रिका काढल्यावर दचकू नका. कित्येक अपार्टमेंटमध्ये तिच्यावर अजून बिल्डरचं किंवा मूळ जागामालकाचंच नाव असतं. मालकी तुमच्या नोंदणीकृत दस्तावरून ठरते. त्या दस्तात दोघांचे हिस्से लिहिलेत का, ते मात्र नीट वाचा. लिहिले नसतील तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 लागतं: ज्यानं जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर दोघांचा सारखा. "हप्ते सगळे मीच भरले" हे वाक्य कोर्टात एकटं उभं राहत नाही. त्याच्या मागं खातेउतारा लागतो. दहा वर्षांपूर्वीचे उतारे बँका चटकन देत नाहीत, म्हणून अर्ज आजच टाका.

2. तीनपैकी कुठली वाट, ते ठरवा

एकानं दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा, किंवा फ्लॅट विकून पैसे वाटून घ्यायचे, किंवा आहे तसंच ठेवायचं.

तिसरी वाट गोड वाटते. मुलं मोठी होईपर्यंत राहू दे, असं घरचे वडीलधारे सांगतात. ऐकू नका, निदान लेखी काही केल्याशिवाय तरी नका. नाव संयुक्त असताना उद्या पूर्वीचे पती वारले, तर त्यांचा हिस्सा मृत्युपत्र नसल्यास त्यांच्या आईकडं, मुलांकडं आणि दुसरं लग्न केलं असेल तर त्या बायकोकडं जातो. म्हणजे ज्या सासूबाईंशी बोलणं बंद आहे त्यांच्याच सहीवाचून तुमचा फ्लॅट विकता येणार नाही.

"हिस्सा मुलाच्या नावावर करू" हा तडजोडीत हमखास निघणारा तोडगा. भावना चांगली आहे. पण मूल अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा विकायला किंवा गहाण ठेवायला पालकाला कोर्टाची परवानगी लागते. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत तो फ्लॅट जवळजवळ गोठतो.

3. किंमत ठरवताना पाण्याची खूण बघा

इथं सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण एकाच फ्लॅटच्या तीन किमती असतात. एजंट सांगतो ती, बँकेचा मूल्यांकनकार लिहितो ती, आणि सरकारी, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातली, जिला सगळे रेडी रेकनर म्हणतात. हिस्सा देणारा एजंटची किंमत धरून बसतो, घेणारा रेडी रेकनरची. मधला मार्ग एकच: दोघांनाही मान्य असलेल्या सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून लेखी अहवाल घ्या आणि त्याची फी निम्मी-निम्मी भरा. निम्मी फी भरलेला माणूस त्या अहवालाला सहसा नावं ठेवत नाही.

सांगलीत आणखी एक गोष्ट किमतीत शिरते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत कृष्णेची आयर्विन पुलाजवळची पातळी फुटाफुटानं वाढताना आपण सगळ्यांनी पाहिलीय. माझ्या मैत्रिणीच्या इमारतीत पार्किंगच्या खांबावर वॉचमननं ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्यात, खाली 2021 ची आणि वर 2019 ची. गिऱ्हाईक फ्लॅट बघायला वर जाण्याआधी त्या रेघांकडं बघतं, आणि तळमजला असेल तर तिथूनच परततं. अशा ठिकाणी खरी किंमत सरकारी दराच्याही खाली असू शकते. पण मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त असेल त्या रकमेवर लागतं. गावभागातला किंवा शामरावनगरातला फ्लॅट घेत असाल तर हा फरक बोलणीतच मांडा.

आता हिशेब. समजा किंमत 42 लाख, कर्जाची बाकी 14 लाख. उरले 28 लाख. हिस्से सारखे असतील तर समोरच्याला 14 लाख द्यायचे. इथवर कुणालाही जमतं. चुकतं ते पुढं: मुद्रांक शुल्क त्या 14 लाखांवर लागत नाही, सोडलेल्या हिश्श्याच्या पूर्ण बाजारमूल्यावर, म्हणजे 21 लाखांवर लागतं. कर्ज वजा होत नाही. 6 टक्क्यांनी 1,26,000 रुपये शुल्क आणि 1 टक्क्यानं 21,000 नोंदणी फी. नोंदणी फीला 30,000 ची कमाल मर्यादा आहे, शुल्काला नाही. हा खर्च कुणी भरायचा ते बोलणीतच ठरवा. नंतर तो घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

4. बँकेत लवकर जा

पुष्कळ जण बँक शेवटी ठेवतात. ती दस्ताच्या बरीच आधी हवी.

दोघं सहकर्जदार असाल तर बँकेच्या लेखी प्रत्येकजण पूर्ण कर्जाला जबाबदार आहे. तुमच्या तडजोडीत "यापुढील हप्ते पती भरतील" असं लिहिलं आणि कोर्टानं त्यावर शिक्का मारला, तरी बँक त्या तडजोडीत पक्षकार नाही. हप्ता चुकला की सिबिल दोघांचाही खाली येतो, आणि वसुलीचा फोन जो उचलेल त्याला जातो.

एका सहकर्जदाराचं नाव काढायचं तर बँक उरलेल्या माणसाचा पगार नव्यानं तपासते, जणू कर्ज पहिल्यांदाच देतेय. पगार पुरला नाही तर भावाला किंवा वडिलांना नवा सहकर्जदार म्हणून घ्यावं लागतं. आमच्या शाखेत साहेब प्रत्येक वेळी "वरून विचारून सांगतो" म्हणायचे. शेवटी मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा उत्तर आलं. तोंडी विचारलेल्याला तोंडीच टोलवतात.

जुनी बँक अडून बसली तर दुसऱ्या बँकेकडून एकट्याच्या नावावर कर्ज घेऊन जुनं फेडता येतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नव्या कर्जातच समोरच्याला द्यायची रक्कम बसते का तेही विचारा. पगार बरा असेल तर बसते.

बँकेचं ना-हरकत पत्र मिळेपर्यंत कुठलाही दस्त नोंदवायला जाऊ नका.

5. तडजोड लिहिताना फ्लॅट अर्जातच आणा

हुकूमनामा अजून झाला नसेल तर ही पायरी चार वेळा वाचा. झाला असेल तर सहावीवर जा.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलंय. हे सहा महिने वाया घालवू नका. मूल्यांकन, बँकेचा अर्ज, कागद, सगळं याच काळात उरकतं.

सगळ्यात महत्त्वाचं: फ्लॅटचा उल्लेख मूळ अर्जातच करा. सिटी सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, चौरस फूट, चतुःसीमा, दस्त क्रमांक, सगळं. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार तडजोडीनं झालेला हुकूमनामा नोंदणीतून सुटतो, पण ज्या मिळकतीचा दाव्यात विषयच नव्हता तिच्यापुरता सुटत नाही. अर्जात फ्लॅटचं नाव नसेल आणि पुरसीसमध्ये अचानक आला, तर तो हुकूमनामा फ्लॅटपुरता लंगडा पडतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका घटस्फोटित जोडप्याच्या संयुक्त फ्लॅटबद्दल, तो तडजोडीचाच विषय होता म्हणून, मुद्रांक शुल्क न घेता पत्नीच्या एकटीच्या नावे नोंद करायला सांगितलं. तुमच्या प्रकरणात ते कितपत लागतं ते वकिलांना विचारा, पण अर्जातला एक परिच्छेद लाखभर रुपये वाचवू शकतो एवढं लक्षात ठेवा.

पुरसीसमध्ये हे सगळं आकड्यांत आणि तारखांत हवं: रक्कम किती, कुठल्या तारखेला, डीडीनं की आरटीजीएसनं, दस्त कधी होणार, खर्च कुणाचा, ताबा आणि किल्ल्या कधी, तोवरचे हप्ते, मेंटेनन्स आणि घरपट्टी कुणाची, कपाटं आणि फर्निचर कुणाचं, आणि ठरल्या तारखेला एकानं पाळलं नाही तर काय. "उभयतांनी सामंजस्यानं ठरवावे" असं वाक्य मसुद्यात दिसलं की तिथं पेन टेकवा. सामंजस्य असतं तर कोर्टात कशाला आला असता?

6. दस्त कुठला? इथंच पैसे बुडतात

पती-पत्नी असताना राहत्या घराचं बक्षीसपत्र एकमेकांना नाममात्र मुद्रांकावर करता येतं. म्हणून काही जोडपी हुकूमनाम्याआधीच बक्षीसपत्र उरकतात. चालतं, पण दोन अटी सांभाळा. एक, बक्षीस म्हणजे मोबदला नाही. एका हातानं 14 लाख घेऊन दुसऱ्या हातानं बक्षीसपत्र केलं तर ते बक्षीस ठरत नाही. दोन, परस्परसंमतीची संमती हुकूमनामा होईपर्यंत मागं घेता येते. फ्लॅट देऊन बसलात आणि समोरचा दुसऱ्या तारखेला फिरला, तर घरही गेलं आणि घटस्फोटही लटकला. म्हणून पहिल्या अर्जासोबतच्या अटींत ते लिहून मगच दस्त करा.

हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी नाही, त्यामुळं ती सवलतही नाही. तेव्हा हिश्श्याचं खरेदीखत किंवा हक्कसोड पत्र होतं, आणि अशा हक्कसोड पत्राला खरेदीखताच्याच दरानं शुल्क लागतं. आमच्या दस्तलेखकानं जुना नमुना उघडून मसुद्यात "लिहून देणार यांची पत्नी" असं ठोकून दिलं होतं, वर सवलतीचा मुद्रांकही काढला होता. ते तसंच गेलं असतं तर पुढं कमी मुद्रांकाची दंडासह वसुली निघाली असती. मसुदा ओळ न् ओळ वाचा.

सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिका हद्दीत खरेदीखताला 6 टक्के धरा. राहतं घर बाईच्या नावे खरेदी होत असेल तर त्यात 1 टक्का सवलत आहे. शुल्काबद्दल शंका असेल तर दस्तावर सह्या करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं अभिनिर्णयाचा अर्ज करा. किती शुल्क ते तेच लेखी ठरवून देतात, मग पुढं कुणी उकरत नाही.

सगळ्यात जुना सापळा: पाचशेच्या स्टॅम्पवर हक्कसोड लिहून नोटरी करणं. "काम झालं बघा" म्हणून सांगणारे कोर्टाच्या आवारातच भेटतात. अशा कागदानं मालकीचा एक चौरस फूटही हलत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क नोंदणीकृत दस्तानंच जातो.

आयकराचंही बघा. लग्न टिकून असताना नवऱ्यानं दिलेलं घर नातेवाइकाकडून मिळालेलं मानतात, त्यावर कर नाही. पूर्वीचा नवरा आयकराच्या दृष्टीनं नातेवाईक नसतो. विनामोबदला हिस्सा घेतला तर घेणाऱ्यावर कर बसू शकतो, आणि मोबदला घेऊन दिला तर देणाऱ्याला भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. सीएची एका बैठकीची फी यापुढं काहीच नाही.

7. दुय्यम निबंधकांकडं

पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्ताची माहिती भरणं, ऑनलाइन करा, ई-चलानानं शुल्क भरा, वेळ घ्या. जाताना मूळ आधार, पॅन, बँकेचं ना-हरकत, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि ओळख पटवणारे दोघं साक्षीदार न्या. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर झाला पाहिजे.

एकमेकांशेजारी बसून अंगठे द्यायचे, फोटो काढायचा, हे अनेकांना जड जातं. बरोबर घरचा एक शांत माणूस असू द्या, तावातावानं बोलणारा मामा नको. डीडी दस्ताच्या वेळीच हातात द्या आणि त्याचा नंबर दस्तात लिहून घ्या.

समोरचा पुण्यात किंवा परदेशात असेल तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र चालतं. परदेशात केलेलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून, ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरा. पण कुलमुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. त्याच्या आधारे खरा दस्त व्हायलाच हवा.

8. समोरचा ऐकतच नसेल तर

दोन परिस्थिती आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका.

हुकूमनाम्यात फ्लॅटचं ठरलंय, पण तो सहीला येत नाही: मग नवा दावा नको. अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त, दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेत तरतूद आहे की सही टाळणाऱ्याच्या वतीनं कोर्टच दस्त करून देऊ शकतं. ही तरतूद वकिलांनी नोटिशीत नुसती लिहिली तरी पुष्कळ जण तारखेला हजर होतात.

काहीच ठरलेलं नाही: मग वाटपाचा दावा. फ्लॅटची मधोमध भिंत घालता येत नाही, म्हणून 1893 चा वाटप कायदा उपयोगी पडतो. वाटून घेणं शक्य नसेल तर निम्मा किंवा जास्त हिस्सा असणारा कोर्टाकडं विक्रीची मागणी करू शकतो, आणि तशी मागणी झाल्यावर दुसऱ्या हिस्सेदाराला कोर्टानं ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. दावा पडला की दुय्यम निबंधकांकडं लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस नोंदवा, म्हणजे समोरच्यानं हिस्सा तिसऱ्याला विकायचा घाट घातला तर घेणारा सावध होतो.

दाव्याला वर्षं जातात हे खरं. म्हणून लोकअदालतीचा पर्याय आधी वापरा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचीच किंमत आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. विजयनगरला कोर्टात गेलात की तिथंच चौकशी करा. आणि अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, सांगली आणि सातारा दोन्ही त्याच्या कक्षेत येतात.

9. दस्तानंतरची नावं

नवीन सूची दोन मिळाली की तिच्या दहा झेरॉक्स काढा. मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालय, सातबारा असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (म्हणजे तलाठ्याकडं) फेरफार, महापालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टी, महावितरणचं मीटर. सोसायटी असेल तर भागपत्रावर नोंद, अपार्टमेंट असेल तर असोसिएशनला पत्र. सांगली आणि मिरजेत बऱ्याच इमारती सोसायटीऐवजी अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या असतात, तेव्हा कुणी भरमसाट ट्रान्सफर फी मागितली तर आधी इमारत कुठल्या कायद्याखाली आहे ते विचारा. महापालिका हद्दीतल्या सोसायटीलाही हस्तांतरणाचा प्रीमियम 25,000 च्या वर घेता येत नाही.

कर्ज पूर्ण फिटलं असेल तर बँकेनं मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे, शाखेत त्याची आठवण करून द्या. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर चढवलेला बोजाही लेखी अर्ज देऊन कमी करून घ्या, तो आपोआप निघत नाही.

मग घरविमा, बँकखाती, पीएफ या सगळ्यांवरचं नामनिर्देशन बदला आणि नवं मृत्युपत्र करा. जुन्या संयुक्त खात्यातून हप्त्याचा ऑटो डेबिट चालू राहिला असेल तर तो बंद केल्याचं बँकेकडून लेखी घ्या आणि मगच ते खातं बंद करा.